बरोबर ठरलेला अंदाज

१ मे २०१९. महाराष्ट्र दिनाची सुट्टी. मी पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत पंख्याखाली बसून एक मेसेज टाइप करत होतो. इंजिनीअरिंगचं शेवटचं सेमिस्टर चालू होतं. रात्री साडेबाराला बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलचा पहिला लेग होता, बार्सिलोना विरुद्ध लिव्हरपूल. मोठ्या मॅचआधी हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रिव्ह्यू लिहायचं काम त्या सीझनमध्ये आपोआप माझ्याकडे आलं होतं. ग्रुपवर मला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. थोडं चेष्टेने म्हणत, थोडं खरोखर. मला दोन्ही आवडायचं.

मेसेज लांबलचक होता. मेस्सीचा फॉर्म, लिव्हरपूलचा वर चढून खेळणारा बचाव, मागे राहणारी मोकळी जागा, असं सगळं त्यात होतं. शेवटची ओळ होती, “बार्साच. ३-०.”

मॅच ३-० अशीच संपली.

या लेखात मला एक गोष्ट सांगायची आहे. ती समजायला मला सहा वर्षं लागली. त्या आठवड्यात मी एक चूक केली आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली. बरीच वर्षं मला वाटायचं की ती चूक दुसऱ्या लेगच्या रात्री झाली, माझा अंदाज साफ कोसळला तेव्हा. आता वाटतं, ती पहिल्या लेगच्या रात्रीच झाली होती. अंदाज तंतोतंत खरा ठरला तेव्हा.

०००

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल दोन मॅचची असते. एक एका संघाच्या मैदानावर, दुसरी दुसऱ्याच्या. दोन्हींतले गोल एकत्र मोजायचे, बेरजेत जो पुढे तो फायनलला. तेव्हा आणखी एक नियम होता. बेरीज सारखी झाली तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त, तो पुढे. युएफाने हा नियम २०२१ मध्ये काढून टाकला.

म्हणजे पहिला लेग ही विचित्र गोष्ट आहे. मॅच पूर्ण होते, शिट्टी वाजते, स्कोअर लागतो, पण निकाल लागत नाही. आपल्याकडे मटक्यात ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ असतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत आकडा लावला जायचा, तिथून हे शब्द आले. ओपन लागला की माणसाला वाटतं, अर्धं कळलं, आता उरलेलं अर्धं तर हातातच आहे. मटक्यावर घरं बसली त्यात या ‘अर्धं कळलं’चा वाटा मोठा असणार, असं मला वाटतं. काहीच कळलेलं नसताना माणूस जपून असतो. अर्धं कळलं की सैल सुटतो.

माझ्याकडे त्या दुपारी अर्धंसुद्धा नव्हतं. एक मॉडेल होतं.

मॉडेल म्हणजे फार काही नाही. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात आणि मॅचमध्ये कधीही होऊ शकतात. अशा गोष्टी मोजायला पॉयसाँ नावाचं जुनं गणित आहे. १९८२ मध्ये माहेर नावाच्या संशोधकाने (हो, आडनाव तेच) ते फुटबॉलला नीट लावून दाखवलं. १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात सुधारणा केल्या. मी त्याचंच एक बाळबोध रूप पायथॉनमध्ये लिहिलं होतं. दोन्ही संघांच्या मागच्या मॅचेस टाकायच्या, कोणाकडून सरासरी किती गोल अपेक्षित आहेत ते काढायचं, मग प्रत्येक स्कोअरची शक्यता मांडायची. त्या दिवशी बार्साचे १.८ आणि लिव्हरपूलचे १.२ असे आकडे आले होते.

त्यातून काय निघत होतं ते आता सांगतो, कारण तेव्हा सांगितलं नाही. बार्सा जिंकण्याची शक्यता शंभरात ५१. नाणं उडवलं तरी ५० असते. सर्वात संभाव्य स्कोअर १-१, आणि त्याचीही शक्यता शंभरात अकराच्या आतच. ३-० ची शक्यता शंभरात पाचसुद्धा नाही.

मग मी ३-० का लिहिलं? खरं सांगायचं तर २-० फार भेकड वाटलं म्हणून. आणि १-१ लिहिणाऱ्याला प्रोफेसर कोण म्हणणार?

०००

त्या रात्री कॉमन रूममध्ये तीसेक जण होतो. एका लॅपटॉपवर अडखळत चालणारा स्ट्रीम. सव्विसाव्या मिनिटाला जॉर्डी आल्बाच्या पासवर सुआरेझ घसरत आला आणि गोल झाला. सुआरेझ पूर्वी लिव्हरपूलचाच, तरी त्याने मनापासून जल्लोष केला. मग बराच वेळ काही नाही. लिव्हरपूल चांगलं खेळत होतं, मानेने एक सोपी संधी वर मारली. पंच्याहत्तराव्या मिनिटाला सुआरेझचा फटका बारला लागून परतला आणि मेस्सीने तो आत ढकलला. मग ब्याऐंशीव्या मिनिटाला ती फ्री किक. लांबून मारलेली, भिंतीवरून वळत थेट वरच्या कोपऱ्यात. बार्सिलोनासाठी मेस्सीचा सहाशेवा गोल. पहिला त्याने १ मे २००५ ला केला होता, बरोबर चौदा वर्षांपूर्वी.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या, पण कॉमन रूममध्ये त्या कोणी पाहिल्या असतील असं वाटत नाही, कारण सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते. सालाहचा फटका खांबाला लागला, म्हणजे ३-१ होता होता राहिलं. आणि अगदी शेवटी देंबेलेने समोर फक्त गोलकीपर असताना चेंडू अलगद त्याच्या हातात दिला, म्हणजे ४-० होता होता राहिलं. माझं ३-० या दोन ‘राहिलं’च्या मध्ये उभं होतं.

पहाटे अडीचला मी ग्रुपवर लिहिलं, “संपलं. आता माद्रिदची तिकिटं काढा.” त्या वर्षीची फायनल माद्रिदला होती.

माझ्या रूममेटने त्या रात्री बार्सावर हजार रुपये लावले होते, हे मला सकाळी कळलं. वरच्या मजल्यावरचा एक जण घ्यायचा पैसे, पुढे कोणाकडे तरी पोचवायचा. हजारावर साडेनऊशे सुटले. त्याने आम्हा चौघांना मिसळ खिलवली. “प्रोफेसरच्या नावाने,” असं म्हणत त्याने माझ्या ताटात जास्तीचा पाव ठेवला.

ती मिसळ मी चवीने खाल्ली.

०००

दुसरा लेग ७ मे ला लिव्हरपूलच्या ॲनफील्डवर. आपल्याकडे ८ तारखेची रात्र साडेबारा. मधल्या दिवसांत सालाहच्या डोक्याला मार लागला, फर्मिनोही दुखापतीमुळे बाहेर. तीन गोलांनी मागे आणि त्यात पुढच्या फळीतले दोन मोठे खेळाडू नाहीत.

मी मॉडेल पुन्हा चालवलं होतं. त्याला सालाह-फर्मिनो ठाऊक नव्हते, ते फक्त संघ ओळखत होतं. बार्सा फायनलला जाण्याची शक्यता त्याने शंभरात ९१ दिली. म्हणजे अकरा वेळा हा प्रसंग आला तर एकदा लिव्हरपूल पुढे जाईल. आणि हे काही कल्पनेतलं नव्हतं. वर्षभरापूर्वीच, एप्रिल २०१८ मध्ये, बार्सा रोमाविरुद्ध पहिला लेग ४-१ जिंकून दुसऱ्यात ०-३ हरलं होतं आणि बाहेर पडलं होतं. ती मॅच माझ्या एक्सेल शीटमध्ये होती. रांग क्रमांकसुद्धा सांगू शकलो असतो.

पण ग्रुपवर मी ‘संपलं’ असं लिहून बसलो होतो. आता ‘९१’ लिहिणं म्हणजे माघार. मी काही लिहिलं नाही.

रूममेटने अठरा हजार लावले. बार्सा फायनलला जाणार, यावर. भाव होता शंभराला पाच. म्हणजे अठरा हजारांवर नऊशे रुपये.

हा व्यवहार नीट बघू, कारण पैसे लावणारा माणूस नेमका इथे फसतो. शंभराला पाच मिळणार असतील, तर नुकसान न होण्यासाठी तुम्ही शंभरात पंच्याण्णवपेक्षा जास्त वेळा बरोबर ठरायला हवं. माझं स्वतःचं मॉडेल ९१ म्हणत होतं. ९१ वेळा नऊशेचा फायदा आणि ९ वेळा अठरा हजारांचा तोटा, याची सरासरी काढली तर प्रत्येक वेळी सुमारे आठशे रुपये खड्ड्यात. भाव लावणारा आपला वाटा आधीच कापून घेतो. बुकी कुठलाही असो, त्याच्या सगळ्या भावांमधल्या शक्यता उलट्या काढून बेरीज करा, ती शंभरच्या वर जाते. वरचं जे ते त्याचं पोट.

आणि हे झालं सरासरीचं. सरासरी शंभर माणसांना मिळून लागू होते. माझा रूममेट एक होता. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्येच लिहून ठेवलंय की तेवढेच रुपये श्रीमंताला आणि गरिबाला सारखे जड नसतात. हे समजायला आपल्याला बर्नुली लागत नाही, महिनाअखेर पुरते. ते अठरा हजार त्याच्या ताईने पाठवले होते. ताई शिवणकाम करते. तिचा भिशीचा नंबर लागला होता आणि ते पैसे हॉस्टेलची थकलेली फी भरायला होते. फी भरल्याशिवाय ‘नो ड्यूज’ मिळत नाही, आणि ते नसलं की कॉलेज कागदपत्रं सोडत नाही.

सातव्या मिनिटाला ओरिगीने गोल केला. हाफटाइमला लिव्हरपूलचा रॉबर्टसन जखमी झाला म्हणून वायनाल्डम आत आला आणि त्याने चौपन्नाव्या आणि छप्पन्नाव्या मिनिटाला दोन गोल केले. एकोणऐंशीव्या मिनिटाला अलेक्झांडर-अर्नोल्डने बार्साचे खेळाडू पाठ फिरवून उभे असताना झटकन कॉर्नर घेतला. ओरिगी. ४-०.

माझ्या मॉडेलमध्ये त्या मॅचसाठी ४-० या नेमक्या स्कोअरची शक्यता २.७ टक्के होती. सदतीसात एक. रूलेच्या युरोपी चाकावर खाचा असतात सदतीस.

कॉमन रूममधले लिव्हरपूलवाले नाचत होते. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो उठून गेलेला मला नंतर कळलं. सकाळी मी खोलीत असताना त्याने ताईला फोन लावला. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “ताई, पाकीट मारलं गं. बसमध्ये.”

मी त्याला पाच हजार देऊ केले. तेवढेच होते. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, “तू कुठं लावायला सांगितलं होतंस?”

०००

या वाक्यावर मी खूप वर्षं काढली. कोर्टात टिकेल असं वाक्य आहे. मी खरंच कधी कोणाला पैसे लावायला सांगितलं नव्हतं. माझा बचाव तीन कलमी होता. एक, तो सज्ञान होता. दोन, मी खोटं बोललो नव्हतो, मत मांडलं होतं. तीन, माझा त्यात काही फायदा नव्हता.

तिसरं कलम आधी पडतं. मिसळ आठवली की पडतं. ती मिसळ सोडा, प्रोफेसर ही पदवी काय फुकट मिळत होती? माझे पैसे लागलेले नव्हते, पण मी खेळत होतोच. मला वाहवा मिळत होती आणि धोका दुसऱ्याचा होता. बुकीसुद्धा निदान आपला पैसा धोक्यात घालतो.

दुसरं कलम जास्त चिवट आहे. मी खोटं बोललो का? ‘बार्सा जिंकेल’ हे खोटं नव्हतं. पण मला ५१ दिसत होते आणि मी शंभराच्या आवाजात बोललो. मला ९१ दिसत होते आणि मी ‘संपलं’ लिहिलं. त्या एका शब्दात मी नऊ टक्के गिळले. त्या नऊ टक्क्यांत त्याच्या ताईची भिशी होती.

हे मी एकटाच करत नाही, हेही खरं. प्रिव्ह्यू नावाचा प्रकारच असा झालाय. पूर्वी प्रिव्ह्यू म्हणजे उत्सुकता वाढवणारं लिखाण होतं. कोण खेळेल, कोण कोणाला अडवेल, कुठे बघायचं. आता शेवटी स्कोअर सांगावा लागतो आणि तो ठासून सांगावा लागतो. आपण वेधशाळेला हसतो, कारण ती ‘शक्यता आहे’ म्हणते. ज्योतिषाला दक्षिणा देतो, कारण तो ‘होणारच’ म्हणतो. मी वेधशाळेचं गणित करून ज्योतिषाच्या भाषेत लिहीत होतो. नुसत्या ज्योतिषापेक्षा हे वाईट, कारण माझ्या ‘होणारच’च्या मागे लॅपटॉप होता. लोकांचा विश्वास त्या लॅपटॉपवर होता.

पहिलं कलम, तो सज्ञान होता. होता. त्याची जबाबदारी त्याच्याकडे आहेच, मी ती हिरावून घेत नाही. तसं करणं हाही एक प्रकारचा अहंकार झाला असता. पण एकाच्या खांद्यावर ओझं आहे म्हणून दुसऱ्याचा खांदा मोकळा होत नाही. जबाबदारी ही काही मर्यादित स्टॉकची वस्तू नाही, की त्याने घेतली म्हणजे माझ्या वाट्याची संपली.

०००

तत्त्वज्ञानात याला जवळचा एक प्रश्न आहे. १९७६ मध्ये बर्नर्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी तो मांडला, नैतिक नशिबाचा. नेगलचा एक दाखला साधारण असा आहे. समजा, दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकाच्या वाटेत अचानक मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला आपण आयुष्यभर दोषी मानतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. बेफिकिरी तीच, फरक नशिबाचा. मग आपण नेमका न्याय कशाचा करतो, माणसाच्या वागण्याचा की त्याच्या नशिबाचा?

हे वाचलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. आधी वाटलं, सापडलं. मी म्हणजे पहिला ड्रायव्हर, माझ्या वाटेत लिव्हरपूल आलं. बार्सा हरलं नसतं तर याच मेसेजसाठी मी हिरो झालो असतो.

पण मग लक्षात आलं, मी झालो होतो की हिरो. आठवडाभर आधी. त्याच बेफिकिरीसाठी. आणि नेमक्या त्या हिरो होण्यामुळे पुढचे अठरा हजार लागले. नेगलचा दुसरा ड्रायव्हर सुखरूप घरी पोचतो आणि गोष्ट संपते. माझ्या गोष्टीत तो सुखरूप घरी पोचतो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी म्हणतात, काय मस्त चालवतोस, आमच्या पोरांना शाळेत सोडशील का?

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे ओळखून असायला हवं. टेस्ट पास होते, पण चुकीच्या कारणाने. कोणी बघत नाही, हिरवी खूण आली ना. सिस्टिम पडली की आम्ही पोस्टमॉर्टेम करतो, कोणत्या ओळीत काय चुकलं ते शोधतो. सिस्टिम चालली त्या दिवसाचं पोस्टमॉर्टेम कोणी करत नाही. ‘चालतंय ना, हात लावू नको’ हे आमच्या धंद्यातलं सर्वात महाग वाक्य आहे. ३-० ही माझी हिरवी खूण होती. हरलो असतो, १-१ झालं असतं, तर कोणीतरी विचारलं असतं, प्रोफेसर, कशावरून सांगितलं होतं? मग मला ५१ सांगावे लागले असते. जिंकलेल्याला कोणी ‘कशावरून’ विचारत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. सभापर्वात युधिष्ठिर भाऊ पणाला लावतो, मग स्वतःला, मग द्रौपदीला. तो हरल्यावर द्रौपदीचा प्रश्न असतो, आधी स्वतःला हरला की आधी मला? म्हणजे मला पणाला लावायचा अधिकार त्याला उरला होता का? सभेत कोणाला सरळ उत्तर देता येत नाही. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे.

तिचा प्रश्न ‘का हरलास’ हा नाही, हे मला फार उशिरा दिसलं. तो डाव युधिष्ठिर जिंकला असता तरी प्रश्न तोच राहिला असता. फक्त कोणी विचारला नसता. सगळ्यांनी मिसळ खाल्ली असती.

मी पैसे लावले नव्हते. मी माझ्या रूममेटला पणाला लावलं होतं, आणि पहिल्या डावात जिंकलो होतो.

०००

यावर कोणी म्हणेल, उपाय सोपा आहे, सट्टाच बंद करा. आपल्याकडे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्याआधी अनेक वर्षं वाद चालायचा की यात कौशल्य जास्त की नशीब. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या काढल्या होत्या आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्यात धरल्या होत्या. नव्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता तो भेदच पुसला. इंग्लंडमध्ये सट्टा कायदेशीर आहे, पण तिथेही क्रेडिट कार्डावर पैसे लावणं २०२० मध्ये बंद झालं. प्रीमियर लीगच्या क्लबांनी शर्टाच्या पुढच्या बाजूवरून सट्टा कंपन्यांची नावं काढायचं २०२३ मध्ये कबूल केलं. त्याच वर्षी आयव्हन टोनीवर आठ महिन्यांची आणि सँड्रो टोनालीवर दहा महिन्यांची बंदी आली, दोघांवरही पैसे लावल्याबद्दल. खेळ आतून ज्यांना कळतो, तेही सुटले नाहीत.

कायदे हवेतच. पण माझा मेसेज तेव्हाही बेकायदेशीर नव्हता, आजही नाही. अंदाज सांगायला बंदी नाही आणि नसावीच. अंदाज बांधण्यात तर खेळ बघण्याचा अर्धा आनंद आहे. चहाची पैज लावावी. पैजेत दोघं समोरासमोर असतात, हरलेल्याचं तोंड जिंकलेल्याला दिसतं. सट्ट्यात समोर कोणी नसतं. आणि माझ्यासारखा अंदाज सांगणारा तर त्या व्यवहारात कुठेच दिसत नाही. म्हणून त्यानेच स्वतःला विचारायला हवं, माझ्या शब्दावर कोण उभं आहे? आणि मला जेवढं ठाऊक आहे, तेवढ्याच आवाजात मी बोलतोय का?

एवढंच. हे काही फुटबॉलपुरतं नाही. ‘हा शेअर घे, डोळे झाकून’, ‘या ब्रँचला स्कोप आहे’, ‘ऑपरेशन करून टाका, काही होत नाही’. आपण रोज कोणाचे तरी नऊ टक्के गिळतो. बहुतेक वेळा खपून जातं, आणि खपून गेलं की आपली पत वाढते.

०००

३० एप्रिल २०२५ ला पुन्हा एक सेमीफायनलचा पहिला लेग होता, बार्सिलोना विरुद्ध इंटर मिलान. आपल्याकडे महाराष्ट्र दिन लागून अर्धा तास झालेला असणार. हॉस्टेलचा ग्रुप अजून आहे, आता त्यात लग्नाच्या पत्रिका आणि फ्लॅटचे भाव जास्त. आदल्या संध्याकाळी एकाने विचारलं, “प्रोफेसर, काय म्हणतोय आकडा?”

मी लिहिलं, “बार्सा थोडं पुढे. पण माझ्या आकड्यावर चहाच्या वर काही लावू नका. लमिन यमालकडे बघा आणि इंटरच्या कॉर्नरकडे बघा.” उत्तर आलं, “म्हातारा झालास.” मॅच ३-३ झाली. यमालचा गोल आयुष्यभर विसरणार नाही. दुसरा लेग इंटरने जादा वेळेत ४-३ जिंकला, बेरीज ७-६. माझ्या कुठल्याच मॉडेलला हे सांगता आलं नसतं, आणि त्या दोन्ही रात्री मला त्याचं फार बरं वाटलं.

हा लेख लिहायच्या आधी मी रूममेटला फोन केला. तो बरा आहे, नोकरी आहे, मुलगी आहे. ‘नो ड्यूज’ मिळायला उशीर झाला म्हणून त्याचं पहिलं जॉइनिंग दोन महिने लांबलं होतं. ते दोन महिने तो एका झेरॉक्सच्या दुकानात बसला होता, हे मला ठाऊक होतं. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “अरे, ४-० काय कोणाला माहीत होतं?”

मी म्हणालो, “४-० साठी नाही. ३-० साठी.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, लिही, पण ताईचं एक राहिलंय ते पण लिही. त्या सुट्टीत तो घरी गेला तेव्हा ताईने धुवायला घेतलेल्या जीन्समध्ये तिला त्याचं पाकीट सापडलं. तिने ते वाळवून त्याच्या बॅगेत ठेवलं. काही विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.